पुलापर्यंतची ऊब

दादा इस्त्रीवाला होता. दिवसभर टेबलापाशी उभा, तोंडावर वाफ. म्हणूनच असेल, पहाटेच्या गारव्याचं त्याला वेड होतं.

उजाडायच्या आत आम्ही दोघं पळायला जायचो. निघण्याआधी तो दोन पांढऱ्या शर्टांवरून इस्त्री फिरवायचा. एक त्याचा, एक माझा.

"पळायला कुणी पांढरा शर्ट इस्त्री करून घालतं का, दादा?"

"अंधारात गाडीवाल्याला दिसायला नको? आणि कविराज, आधी अंगात तर घाल."

मी साहित्यात पदवी घेतली, म्हणून कविराज. कविता मी एकही केलेली नाही.

शर्ट गरम असायचा. बाहेर बोचरी थंडी आणि पाठीवर ती ऊब. रस्ता रिकामा. आम्ही बोलत नसू. पूल येईपर्यंत ऊब निघून जायची. दादा हसून म्हणायचा, "झाला गार!" मग खरं पळणं सुरू व्हायचं.

वहिनीलाही तो रोज हाक मारायचा. ती पांघरुणातूनच म्हणायची, "दिवसभर उभे राहता, पहाटे पळता. बसणार कधी?"

गेल्या महिन्यात, भर दुपारी, तो टेबलापाशीच कोसळला. जळका वास आला म्हणून वहिनी आतून धावत आली. इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर तशीच होती. त्याच्या हातून जळलेला तो पहिलाच कपडा.

लोक म्हणाले, पळण्याच्या नादापायी गेला. वहिनीनं ऐकून घेतलं. एका संध्याकाळी मला म्हणाली, "भावजी, उबेतून उठून रोज जायचे. तिथं काय मिळायचं ह्यांना?"

"ते सांगून नाही कळायचं, वहिनी."

"मग उद्या दाखवा."

पहाटे दुकानात दिवा होता. तिनं दोन्ही शर्ट इस्त्री करून ठेवले होते. त्याचा तिनं अंगावरच्या कपड्यांवरच चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

आम्ही चालू लागलो. कोपऱ्यावर ती थांबली. छातीवर तळहात ठेवून पाहिलं.

"असं चालत गेलो तर वाटेतच गार होईल."

चपला तिथंच काढल्या आणि पळत सुटली. मी मागं. तिची धाप मला ऐकू येत होती.

पुलाच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली, शर्ट दोन्ही हातांनी अंगाशी आवळून.

"झाला गार," ती म्हणाली.

"दादा रोज इथंच हेच म्हणायचा."

पूर्वेकडे अजून अंधारच होता. तिनं नाक पुसलं.

"आणि इथून पुढं? कुठवर जायचे?"