रंभाचं घर

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात शाळेची खोली एक, गुरुजी एक आणि वर्ग चार. चोपन्न साली गुणवंतराव गुरुजी आले आणि त्यांनी वर्गांच्या रांगाच मोडल्या. प्रत्येक वर्गातलं एकेक पोर घेऊन त्यांनी ‘घरं’ केली. थोरल्यानं धाकट्याला शाळेत आणायचं, पाटी गिरवून घ्यायची, शिदोरी सोबत खायची. घरातल्या कुणावर वेळ आली तर बाकीच्यांनी धावून जायचं. मोठी माणसं हसली, पण पोरांना ते मनापासून आवडलं.

रंभा चौथीतली, तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोर, बोलायला फटकळ. तिच्या घरातला धाकटा पत्रू पहिलीतला. तो तिचं बोट सोडायचा नाही. “माहं शेपूट आलं,” म्हणून ती त्याला चिडवायची.

मोहफुलांच्या दिवसांत पत्रूची आई तापानं अंथरुणाला खिळली. फुलं वेचली नाहीत तर पावसाळ्यात खायचं काय? घराचा नियम होताच. पहाटे रंभा आपल्या घरातली पोरं घेऊन रानात गेली. मोहाखाली अस्वल येतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी मोठं माणूस कुणी सोबत गेलं नाही आणि नियम करणाऱ्या गुरुजींनीही विचारपूस केली नाही. मला त्याचा आजही संताप येतो.

अस्वल झुडपातून थेट पत्रूवर आलं. रंभा मधे पडली. आरडाओरडा ऐकून माणसं पोचली तोवर तिचा एक डोळा आणि अर्धा गाल गेला होता. पत्रूला ओरखडाही नव्हता.

बैलबंडीत घालून तिला दूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिचा एकच धोशा, “माह्या पत्रूले पाटी कोन शिकवते?” दिवाळीनंतर ती शाळेत परतली. परीक्षा हुकली होती, म्हणून पुन्हा चौथीतच. पत्रूही पहिलीतच राहिला होता. ती हसत त्याच्याजवळ बसायला गेली. त्यानं वर पाहिलं आणि किंकाळी फोडून गुरुजींच्या मागं दडला.

“मले भेव लागते!”

गुरुजी म्हणाले, “त्याला दुसऱ्या घरात घालू.”

“नाई गुरुजी. तो माह्या घरचा हाये,” रंभा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मग ती रोज तशीच बसायची. पाटीवर कित्ता काढून, न वळता, खांद्यावरून मागं द्यायची. आधी पत्रू लांबूनच पाटी ओढून घ्यायचा. पुढं तिच्या पाठीला पाठ टेकून बसू लागला. शिदोरीही तशीच खायचे. गावाला याचं फार कौतुक. मला नाही. एवढीशी पोर भिंतीकडे बघत जेवते, त्यात कौतुक कसलं?

चौथीपुढं गावात शाळा नव्हती. रंभाच्या शेवटच्या दिवशी पत्रूनं कित्ता न बघता पाटीवर तिचं नाव लिहिलं आणि पाटी तिच्या खांद्यावरून पुढं सरकवली. रंभा कितीतरी वेळ ती मांडीवर धरून बसली.

“पत्रू, आता पलटू का?”

पत्रू हळूच म्हणाला, “नोको.”

“बरं,” रंभा म्हणाली. नावावरचा अनुस्वार पुसट झाला होता, तो तिनं ठळक केला आणि पाटी मागं दिली.