शेंदराखालचं कासव

रामभाऊ डॉक्टर गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात कळली. अकोल्याहून आलेल्या गाडीवानाने ती सांगितली तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत एका बोजात होता, आत ओली रुई दडवली आहे का ते चाचपत. हात न काढताच मी विचारलं, "कशावरून?" अमेरिकेत लढाई पेटून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून बाजारात रोज नवी अफवा उठायची; जिवंत माणसांनाही कुणी ना कुणी मारून टाकायचं. गाडीवान म्हणाला, "खांदा देऊन आलो, शेठ..." मग मात्र मी बोजातून हात बाहेर काढला.

'कशावरून' हा शब्दही रामभाऊंचाच. मुंबईला वैद्यक शिकून ते अकोल्याच्या दवाखान्यात आले ते हा शब्द घेऊनच. दूधवाल्याला कशावरून, ज्योतिषाला कशावरून. बायकोने भाजी ताजी आहे म्हटलं तरी कशावरून. मी अडत्या, संशयावर पोट भरणारा. पण त्यांच्यापुढे अगदीच भोळा सांब. आमची मैत्री जमली ती यावरच.

बाळापूरकडे मैनाबाई माळणीच्या मळ्यात ते तिच्या सुनेचा ताप पाहायला गेले होते. तिच्या सासऱ्याला विहीर खणताना नारळाएवढं दगडी डोकं सापडलं होतं, आणि काठावर म्हसोबा म्हणून शेंदूर फासून त्याची पूजा चालायची. रामभाऊंना आधी वाटलं, कुणा पाथरवटाची लबाडी. मग वाकून पाहिलं तर तोंडात दात नाहीत, पुढे पोपटासारखी चोच... दगड झालेली कासवाची कवटी! पण कासव कोणतं? त्यांनी गावच्या नदीतल्या मेलेल्या कासवाचं डोकं वारुळावर ठेवून मुंग्यांकडून साफ करून घेतलं. त्याच्या डोळ्यांमागे हाडाला मोठी खाच होती. म्हसोबाच्या डोळ्यांमागे मात्र सलग छप्पर दिसत होतं. ते हाडाचं असेल, तर हे आपल्या नद्यांतल्या कोणत्याच कासवात न बसणारं, केव्हाच नाहीसं झालेलं वेगळं कासव. खाच शेंदराने बुजली असेल, तर नदीतलंच.

शेंदूर थोडा खरवडू द्या, म्हणून त्यांनी विनवलं. मैनाबाई म्हणाली, "देवाचं कातडं सोलता का, डाक्टर? देव आपल्या मनानं खोळ टाकते, तवा पाहा." साठलेल्या शेंदराची खोळ कधीतरी आपसूक गळते हे खरं, पण कधी ते कोण सांगणार? रामभाऊ वाट पाहत राहिले. खोकला जडला, अंगात ताप राहू लागला, तरी बैलगाडी जुंपून मळ्यात जायचे. मी थट्टा करायचो, "रोगी कोण, म्हसोबा की तुम्ही?"

आणि एका सकाळी खोळ पडली, अख्खीच्या अख्खी. गाव म्हणालं, खोळ सुटावी म्हणून डॉक्टरने कढत तेल सोडलं. खरं सांगतो, मलाही तोच संशय आला. चावडीवर पाटलाने विचारलं तेव्हा रामभाऊ एवढंच म्हणाले, "मी हात लावलेला नाही." पाटील पुढे बोलणार, तोच मैनाबाई उठली. "तेयनं नाही म्हटलं ना? मंग झालं. काहून खोदून खोदून विचारून राहिले?"

डोळ्यांमागचं छप्पर हाडाचंच निघालं. सांधेसुद्धा स्पष्ट दिसत होते. त्या दिवशी मी रामभाऊंना लहान मुलासारखं हसताना पाहिलं. त्यांनी चित्रं काढून मुंबईच्या एका विद्वानाकडे पाठवली. उत्तर आलं की चित्रावर भरवसा ठेवता येत नाही, कवटी पाठवा. नाहीतर हे नवं कासव कुणी मानणार नाही. मी म्हटलं, "रुईच्या गठ्ठ्यात घालून आगगाडीने पोचवतो. ब्रह्मदेवालाही कळणार नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी जन्मभर सगळ्यांना कशावरून विचारत आलो. मैनाबाईने मला विचारलं नाही, रे..." कवटी मळ्यातच राहिली. त्यांचं कासव कुणी मानलं नाही, आणि ते तसेच गेले.

तेराव्यानंतर मी मळ्यात गेलो. मैनाबाईची नजर आधी माझ्या पिशवीवर गेली. "देव न्याले आले का?" मी बातमी सांगितली. ती विहिरीच्या काठावर बसली. मी म्हणालो, "तुम्ही विश्वास टाकलात, म्हणून त्यांनी कवटी नेली नाही."

"इस्वास कायचा, शेठ?" पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "तेल मीच सोडलं होतं. खोकून खोकून अर्धे झाले होते ते. देवाले काय घाई? तेयले होती."

मला हसू आलं आणि रडूही. साऱ्या वऱ्हाडावर संशय घेणाऱ्या माझ्या मित्राने या एका बाईवर तो कधीच घेतला नाही, आणि तिच्या शब्दापायी ते आपलं कासव मळ्यातच ठेवून गेले.

पूजेची वेळ झाली होती. तिने तेलात शेंदूर कालवला, कपाळाला लावला, चोचीला लावला, आणि डोळ्यांपाशी येऊन थांबली. "मांगं नाही लावत आता," ती म्हणाली. "कोणी पाहाले आलं, तर दिसलं पायजे." मी वाकून पाहिलं. डोळ्यांमागचं हाड तिने रोज पुसून लख्ख ठेवलं होतं.