कोंबड्यांचा श्रावण

"डॉक्टरसाहेब, अजून एक बोडकी झाली जी!" असं म्हणत शकुनबाईंनी कोंबडी माझ्या टेबलावरच ठेवली. पाठ उघडी, शेपटीच्या जागी चार काड्या.

शकुनबाई कोंढा गावाकडच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष. आठ बायकांनी मिळून साठ गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. मी त्या भागातला सरकारी व्हेटरनरी डॉक्टर. आठवडाभरापासून कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खात होत्या. मी मोठ्या ऐटीत उवांचं औषध दिलं होतं. फरक शून्य.

"बाया म्हणून राहिल्या, येत्या बाजारात सगळ्या विकून टाकू. मीच हट्टानं गट काढला. आता कोणतं तोंड दाखवू?" त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, आणि माझ्या निदानाची लाजही वाटली. तसाच गाडीवर बसून त्यांच्या शेडवर गेलो.

एकेक पक्षी हातात घेऊन पाहिला. उवा नाहीत. जागा ऐसपैस, पाणी स्वच्छ. उरलं फीड.

"खायला काय देता?"

"कणी, कोंडा, मक्का. अन् डाळीची चुरी."

"आणि झिंगे?" तलावातले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवून, कुटून फीडमध्ये मिसळायचे, असं मीच लिहून दिलं होतं.

शकुनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो.

"श्रावण हाय ना जी! आमच्या हातानं झिंगे कसे कुटाचे? त्याच्या बदल्यात डाळ वाढवली. डाळीत प्रोटीन असते, तुम्हीच तर सांगतलं."

सांगितलं होतं खरं. मी कपाळाला हात लावला आणि मग मला हसूच आवरेना. साठच्या साठ कोंबड्या श्रावण पाळत होत्या.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ. मणी साधारण वीस प्रकारचे. त्यातला एक मेथिओनिन. पेशीत बहुतेक प्रत्येक माळ ओवायला सुरुवात याच मण्यानं होते. त्याच्यात गंधक असतं. पिसं ज्या केराटिनची बनतात, त्याला गंधकवाले मणी भरपूर लागतात, आणि ते शरीर मेथिओनिनपासून तयार करतं. पण मेथिओनिन मात्र कोंबडीला स्वतः बनवता येत नाही. तुम्हाआम्हालाही नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं. झिंग्यांत ते चांगलं असतं, डाळीत कमी. झिंगे बंद झाल्यावर बिचाऱ्यांनी जवळचा साठा शोधला, शेजारणीच्या पाठीवरचा.

"मंग आता श्रावण मोडाचा का?" गटातल्या कौशल्याबाईंनी विचारलं. विकायचा आग्रह सगळ्यात जास्त त्यांचाच होता.

"मुळीच नाही. तिळाची ढेप चालते ना?"

"ते काहून नाही चालणार?"

तेल काढल्यावर उरलेल्या या ढेपेत मेथिओनिन भरपूर. डाळीत जे कमी, ते तिळात जास्त. म्हणून डाळ तशीच ठेवली, ढेप घातली, आणि मेथिओनिनची पावडर मोजून दिली. ती कारखान्यात बनते, मासळीशी तिचा संबंध नाही, हे मला तीनदा सांगावं लागलं.

कौशल्याबाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. दहाव्या दिवशी टोचाटोची थांबली. मुदत संपली तेव्हा उघड्या पाठींवर नवे कोंब दिसत होते. विकायचा विषय कौशल्याबाईंनी स्वतःच बंद केला.

नवरात्रात त्यांचाच फोन आला. "येऊन पाहा जी, कशा नटल्या हायेत!"

गेलो. तांबूस, काळी, चकचकीत पिसं. शकुनबाई एक कोंबडी कडेवर घेऊन सगळ्या गल्लीत मिरवत होत्या. मला इतका आनंद झाला की दोन कप चहा झाल्यावर तिसराही घेतला.

आता माझ्या केस-पेपरवर वय, वजन, लसीकरण याखाली मी हातानं एक रकाना आखतो: मालकाच्या घरी सध्या काय वर्ज्य आहे?