मोहाने मिटवलेलं कुरण

१० ऑगस्ट २००६. गवत वाढावं म्हणून दर वसंतात बंद होणारं खोऱ्यातलं कुरण आज उघडायचं होतं. ते उघडायचा मान गावातल्या मोहाच्या घराण्याचा. पण राष्ट्रीय उद्यानासाठी कुरण बंद करायचा कागद घेऊन थंडीत राजधानी राबातहून साहेब आले, तेव्हा या शहाण्या मोहाने सगळ्यांच्या वतीने अंगठा दिला. बंद म्हणजे नेहमीसारखं ऑगस्टपर्यंत, असं त्याने गृहीत धरलं. किती दिवस, हे विचारलंसुद्धा नाही. वर उद्यानाच्या पहारेकऱ्याची टोपी मिरवत घरी आला.

आज त्याच टोपीत त्याने आमची मेंढरं अडवली.

"अक्का, आता कायमचं बंद आहे."

"मुडद्या, मग मेंढरांना काय तुझी टोपी चारू?" त्याची थोरली बहीण इत्तो कडाडली.

त्याने मान खाली घातली. टोपी काढली नाही.

संध्याकाळी हिवाळ्यासाठी राखलेला जवाचा पेंढा मेंढरांना घातला.