मी सांगितलेलं ताराबाईंचं बोलणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हाही नाही — देवासमोरसुद्धा मी आडूनच बोलले, "माझी चूक झाली" एवढंच. कुठली चूक, ते त्यालाही सांगायचा धीर झाला नाही. तुम्हाला सांगते. का तुम्हालाच, ते विचारू नका.

आमचं घर मूळचं निपाणीकडचं, ख्रिस्ती. घरात मराठी, शाळेत कन्नड. लग्नानंतर बेंगळुरूला आले, आणि गेली बारा वर्षं येलहंक्याच्या पुढे असलेल्या एका वृद्धाश्रमात ऑफिसचं काम बघते. पत्रं, फायली, पाहुण्यांची व्यवस्था. ग्रेस अक्कांनी तो आश्रम दोन खोल्यांत सुरू केला होता. माझा नवरा गेला तेव्हा तीन आठवडे त्या माझ्या घरी येऊन राहिल्या. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये — की सांगतेय? माझं मलाच कळत नाही.

ताराबाईंना पोलिसांनी येलहंका रेल्वे स्टेशनवरून आणून सोडलं, तेव्हा मी रजेवर होते. त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. रजिस्टरमध्ये भाषेच्या रकान्यात 'समजत नाही' असं लिहिलं गेलं. मी परत आल्यावर सहज म्हटलं, "काय आजी, जेवलात का?" — त्यांनी माझा हात असा धरला की सोडवताना बांगडी वाढली. त्या भडाभडा बोलायला लागल्या, मधेच रडायच्या, मधेच मला कुणाच्या तरी भलत्याच नावाने हाक मारायच्या. मला ऑफिसात फोन वाजताना ऐकू येत होता. "अज्जीचं डोकं स्वल्प फिरलंय," ग्रेस अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि मी ते लगेच मानलं. त्यानंतर मी त्या वॉर्डातून जायचंच टाळलं. ऑफिसातून स्वयंपाकघरात जायला मागच्या अंगणातून लांबचा रस्ता होता. मी तो धरला. सहा महिने.

मग हॉलंडहून मार्गरीट आली. तिकडच्या एका ख्रिस्ती संस्थेचं आमच्याशी जुनं नातं. ती स्वतः नर्स, विसराळू म्हाताऱ्यांचं घर चालवते. आम्हाला शिकवायला नव्हे, आमच्याकडून शिकायला आली होती. तिच्याकडची माणसं स्वच्छ खोल्यांत एकेकटी बसून असतात, म्हणाली. तुमच्याकडे माया कशी टिकते, ते मला बघायचंय. आठवडाभर तिने सगळं पाहिलं. भाकरी थापायला बसली, अज्जींच्या वेण्या घातल्या. वहीत सारखं काहीतरी लिहायची. मला ती फार आवडली. तिलाही मी आवडावं असं वाटत होतं — ही गोष्ट मी इतकी वर्षं नीट बघितलीच नव्हती.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, दोन-तीन आजींशी मनातलं बोलायचंय. दुभाषी मी. ग्रेस अक्का शेजारी उभ्या. पहिल्या दोघी कन्नड बोलल्या, सोपं गेलं. तिसऱ्या ताराबाई.

"इथं तुम्हाला कसं वाटतं?" मार्गरीटने विचारलं, मी मराठीत सांगितलं.

ताराबाई त्या दिवशी रडल्या नाहीत, बरळल्याही नाहीत. हेच तर. मार्गरीटकडे सरळ बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "माझी लेक हाय निपाणीला. मंगल. तंबाखूच्या वखारीमागं ऱ्हाती. तिला कळवा म्हणावं, तुझी आई हितं हाय. आणि तिन्हीसांजेला ह्या बाया मला खुर्चीला बांधत्यात. हात लई दुखत्यात."

त्यांनी मनगट पुढे केलं. लुगड्याच्या काठाची पट्टी असते ना, तेवढा रुंद वळ होता.

मला बांधण्याचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण लांबच्या रस्त्याने जाणाऱ्याला काय माहीत असणार? मी ग्रेस अक्कांकडे पाहिलं. त्यांना मराठी कळत नाही, तरी त्यांची नजर त्या मनगटावरच होती. त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळच्या पाळीला चाळीस म्हाताऱ्यांमागे दोनच बाया, कुणी पडून खुबा मोडला तर काय — हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी काहीच सुचलं नव्हतं. मार्गरीट पेन उघडून वाट बघत होती. तिने 'लेक' हा शब्द पकडला होता. "लेक?" तिने विचारलं.

आणि माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं — "लेक म्हणजे मुलगी. ती म्हणते, इथं मला माझी लेक मिळाली."

अडखळले नाही. आवाजही हलला नाही. इतकं गोड, इतकं गुळगुळीत वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते बनवायला मला श्वासाएवढाही वेळ लागला नाही! कुठे होतं ते माझ्यात? मार्गरीटचे डोळे भरून आले. तिने ताराबाईंचं तेच मनगट हातात घेतलं आणि त्यावर ओठ टेकले. ग्रेस अक्का खाली बघत होत्या.

ताराबाईंचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, "सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"येतीया काय मंगल?"

"येईल."

पहिलं खोटं घाबरून निघालं असेल. हे दुसरं? इथं तर कुणालाच मराठी कळत नव्हतं. त्यांच्यात आणि माझ्यात तिसरं कुणी नव्हतंच.

त्यानंतर त्या रोज अंघोळ करून, केस विंचरून फाटकाकडे तोंड करून बसायच्या. आया हसायच्या. मी त्यांना खिडकीतून बघायचे. उद्या चौकशी करू, म्हणायचे. पण चौकशी केली आणि लेक खरंच निघाली, तर माझं ते वाक्य उघडं पडेल — हे मी शब्दांत कधी म्हटलं नाही, पण माझे पाय तेवढ्यासाठीच थांबत होते. नाताळात मार्गरीटचं पाकीट आलं. तिच्या संस्थेतल्या जेवणघराच्या भिंतीचा फोटो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत माझं ते वाक्य, खाली ताराबाईंचं नाव.

फेब्रुवारीत ताराबाईंना न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेल्या.

त्या दुपारी मी निपाणीच्या माझ्या मावसभावाला फोन केला. वखारीमागं मंगल नावाची बाई राहते का, जिची आई हरवलीय? अर्ध्या तासात त्याचा उलटा फोन आला. अर्धा तास! एवढंच अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल आली. माझ्याच वयाची, विडी कारखान्यात काम करणारी. गावच्या बायकांबरोबर तिरुपतीला निघालेली आई वाटेत कुठल्याशा स्टेशनवर पाणी भरायला उतरली आणि गाडी सुटली, म्हणाली. दीड वर्ष तिने तिरुपतीपर्यंतची स्टेशनं पालथी घातली होती. कन्नड तोडकंमोडकं, कुणी नीट ऐकून घेतलं नाही.

"तुमच्यासारखी आपल्या बोलीची बाई आईजवळ हुती," ती माझे हात धरून म्हणाली, "ह्येच देवाचं उपकार, ताई."

मग तिने चादर सरकवली. आईच्या मनगटावरून बोट फिरवत विचारलं, "ह्ये काय?"

"सलाईनचं असेल," मी म्हटलं.

मी अजून तिथेच काम करते. पाहुणे आले की भाषांतराला मलाच बोलावतात, आणि मी जाते. त्या बांधण्याबद्दल ग्रेस अक्कांशी मी एक अक्षर बोललेले नाही. मंगल संक्रांतीला फोन करते. मुलांची चौकशी करते, निपाणीला या म्हणते. मी हो म्हणते.