डोळे शेवटी

आमच्या वाशीम जिल्ह्यात राक्षसांची जितकी सेवा माझ्या मावसभावाने केली, तितकी माणसांची सेवा एकाही निवडून आलेल्या माणसाने केलेली नाही. मोर्च्यांच्या पत्रकात लिहिते तसंच जोरात लिहिते आहे, कारण ते खरं आहे. शेलूबाजारला हायवेवर दादाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पुण्यातली नोकरी सुटली तेव्हा तो तिथून एक जड खोका घेऊन परतला. आत एक खेळ होता: पुठ्ठ्याचं भुयार, त्यात शिरणारे चार शूरवीर आणि त्यांना अडवणारी राक्षसांची, सांगाड्यांची, चेटकिणींची बोटाएवढी प्लास्टिकची फौज. सगळी राखाडी. दादाने जाहीर केलं, प्रत्येकाला रंग दिल्याशिवाय खेळ मांडायचा नाही. याला कित्येक वर्षं झाली. खेळ काही मांडला गेला नाही.

तो रंगवायचा दुकानातच, मोबाईल दुरुस्तीच्या भिंगाच्या दिव्याखाली, ब्रशचे केस उपटून उपटून दोन-तीनच उरले की मगच. मालेगावचा एक गिऱ्हाईक फुटलेली स्क्रीन घेऊन कधीचा ताटकळत होता. 'भाऊ, माहा फोन?' 'थांबा जरा, राक्षस ओला हाय,' दादा मान वर न करता म्हणाला. तो माणूस गेला तो आलाच नाही. पण बाहेर त्याने काय सांगितलं कोण जाणे, पुढे काही दिवस लोक फोन न घेताच दुकानात डोकावून जायचे. सांगाड्यांना आधी हळदीसारखा पिवळा हात, त्यावर पातळ काळं पाणी. ते बरगड्यांच्या फटींत उतरलं की सांगाडा आत्ताच उकरून काढल्यासारखा दिसायचा, आणि दादा समाधानाने म्हणायचा, 'आता मेला बरोबर.' तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर मिळावा म्हणून आम्ही मोर्चा काढला, तेव्हा फलक लिहायला मी त्याच्याकडेच दिला. मोर्चा जाऊन परत आला तरी हा 'डॉक्टर'मधल्या 'ड'ला सावली देत बसलेला, आणि ती वाळेपर्यंत हातात राक्षस. माझं डोकंच फिरलं. 'इथं लोकाईले दिसत नाई, अन् तू राक्षसाचे बूट चमकवून राह्यला!' त्याने बूट दिव्याजवळ धरला. 'अनवानी राक्षसाले कोन भेईन, सांग बरं?'

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. फक्त एक गोष्ट मला खटकायची. कपडे, ढाली, नखं, दातांवरची लाळसुद्धा रंगवून झालेली, पण फौजेत डोळे एकालाही नाहीत. आमच्या आजोळी गणपती घडवायचे. तिथला कायदा असा, की सगळ्या मूर्ती रंगवून रांगेत मांडायच्या आणि डोळे अखेरीस उघडायचे, एकाच हाताने. हात बदलला की नजर बदलते. लहानपणी पाहिलेलं ते दादाने राक्षसांनाही लावलं. कपाटात सगळे हत्यारं उगारून उभे, आणि कोणालाच काही दिसत नाही.

मग दादालाच दिसेनासं होऊ लागलं. साखर होती, डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायचे, आणि मी दवाखान्याचं म्हटलं की तो म्हणायचा, 'येवढे ढालवाले होऊ दे, मंग जातो.' ढालवाले झाले, मग तिरंदाज निघाले. शेवटी अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या आत रक्त उतरलंय. गेली ती नजर गेली, उरलेलीही फार टिकायची नाही. मला संताप आला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीचा आला, आणि त्या खुर्चीसाठी आम्ही घसा फोडत असताना तिरंदाजांच्या धनुष्यांना दोऱ्या लावत बसलेल्या या माणसाचाही आला. मी तोंडावर बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'याईचे डोये आता कोन उघडन?'

मी उघडते म्हटलं, तर नाही. 'तुह्या हातानं सारे घोषना देतीन.' दुसरं कोणी, तेही नाही. दुकान बंद झालं, फौज घरी आली, आणि तो पलंगावर बसून एकेकावरून बोट फिरवायचा. चेहऱ्यावर आलं की बोट थांबायचं. शेवटी मावशीच उठली. आजोळी हिने वर्षानुवर्षं माती मळली. बायांनी डोळ्यांना हात लावायचा नाही, असाही तिथला कायदा होता. त्यावर पत्रक लिहायचं मला कधी सुचलं नाही. 'आई, तुह्या हातचं नोको,' दादा म्हणाला. 'हात बदलते.'

'बदलते कसा? तुह्या डोयात पयलं काजय कोनं घातलं मंग?' असं म्हणून तिने ब्रश उचलला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येतो. रोज जेवणं झाली की ती एकेकाला हातात घ्यायची, विचारायची, 'हा कोन होय?' दादा चाचपून सांगायचा: हा भुयाराचा राखणदार, ही चेटकीण, हिने आपल्या बहिणीला दगड केलं. 'अगं बाई,' म्हणत मावशी तिचेही डोळे उघडायची.

परवा सगळे झाले. मी पाहायला गेले. मावशीचा हात काजळाचा. तिने सगळ्यांना मोठे, काळेभोर, गोल डोळे दिलेत. सुळेवाला राक्षससुद्धा झोपेतून उठवलेल्या लेकरासारखा बघतो. दादाने त्याला माझ्यासमोर धरलं. जरा बाजूलाच, कारण मी नेमकी कुठे बसलेय ते त्याला कळलं नव्हतं.

'खरं सांग. भेव वाटते का याले पाहून?'

'नाई वाटत,' मी म्हटलं. 'जरासुदा नाई.'

 तो राक्षसाच्या पाठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, 'बरं झालं. मले आता याईच्यासंगच राह्यचं हाय, अंधारात.'