राहिलेला अर्धा सिनेमा

आमच्या हिनं आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर सरावलीच्या व्हिडिओ पार्लरमध्ये दुपारचा इंग्रजी सिनेमा अर्धा पाहिला. गुप्तहेर विमानाच्या पंखाला लोंबकळत होता आणि लाईट गेली.

इंग्रजी आम्हाला कुठलं यायला? पार्लरवाल्यालाही येत नव्हतं. पण टीव्हीचा आवाज बारीक करून, हातात छडी घेऊन तो बाजूला उभा राहायचा आणि अख्खा सिनेमा आपल्या बोलीत सांगायचा. त्याच्या तोंडून गोरा साहेब दरडावायचा, "बंदूक टाक, नायतर तुला बोंबलासारखा वाळत घालीन!" कारखान्यातून आलेले आम्ही पोट धरून हसायचो. शेवट मात्र तो कुणालाच आधी सांगत नसे.

"दादा, वाचतो का हो तो?" लाईट गेल्यावर हिनं विचारलं.

"वहिनी, शेवट मी माज्या आयलापण सांगत नाय. उद्या या, पुढचा दाखवतो."

त्याच संध्याकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

त्या पार्लरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उपकार मात्र मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला उचलायच्या आधी, तो आला. तिच्या उशाशी बसला आणि लाईट गेली तिथपासून सिनेमा हळू आवाजात सांगू लागला.

"येडा हाय का हा? बाहेर काढा," मेव्हणा म्हणाला. मी मेव्हण्यालाच गप्प बसवलं.

त्यानं काही गाळलं नाही. शेवटी तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "वाचला, वहिनी. घरी पोचला."